देशी जात टिकवायची तर आधी नर सांभाळा : उष्ण कटिबंधातल्या पशुपालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रेड मसाई ही पूर्व आफ्रिकेतली तांबड्या केसांची, जाड शेपटीची मेंढी. केनियात १९७० च्या दशकापासून तिच्या कळपांत डॉर्पर या दक्षिण आफ्रिकी जातीचे मेंढे सोडले जाऊ लागले. डॉर्परची कोकरं भरदार, वाढीला जलद, बाजारात उठाव चांगला. बघता बघता शुद्ध रेड मसाई शोधावी लागेल अशी वेळ आली. पुढे संशोधकांनी दोन्ही जाती शेजारी शेजारी ठेवून मोजमाप केलं. दमट किनारपट्टीवर रेड मसाईच सरस ठरली, कारण रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंतापुढे ती तग धरते आणि डॉर्पर कोसळते. कोरड्या भागात हा फरक तितका ठळक नव्हता.

या सगळ्यात कोणी मेंढ्या मारल्या नाहीत की हाकलल्या नाहीत. फक्त मेंढे बदलले. एक मादी वर्षाला एक-दोन पिल्लं देते, तर एक नर पंचवीस-तीस पिल्लांचा बाप होतो. म्हणून जात बिघडते ती नरामुळे, आणि सावरता येते तीही नराच्याच मार्गानं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, काहीही पाळत असाल तरी पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती फिरतं. गोठा, चारा, औषधपाणी यांबद्दल लिहिणारच आहे. पण ते सगळं उत्तम असून नर चुकला, तर पाच-सहा वर्षांनी कळपात उरतात ती नुसती जनावरं. जात तोवर गेलेली असते.

पहिली पायरी : आपल्याकडे नेमकं काय आहे?

रंग आणि शिंगं पाहून जात ठरवण्याची घाई करू नका. संकरित जनावरातही देशी रंग उतरतो. परिसरातल्या सगळ्यात जुन्या पशुपालकांकडे बसा आणि विचारा : पूर्वीची जनावरं कशी दिसायची, कितव्या वर्षी पहिलं वेत व्हायचं, दुष्काळात काय खाऊन राहायची, किती वेतं द्यायची, बाहेरचा नर कधी आणि कुठून आला. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. बाहेरचा नर ज्या वाडीवस्तीत पोचलाच नाही, तिथल्या कळपात जुनं रक्त सापडण्याची शक्यता जास्त असते.

मग मोजमाप घ्या. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, खांद्याजवळची उंची, छातीचा घेर, अंगाची लांबी, कानाची लांबी, शिंगांची ठेवण, वशिंड, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), शेपूट. वजनकाटा नसला तरी अडत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४० म्हणजे किलोमधलं अंदाजे वजन. घेर १५० आणि लांबी १३० असलेली गाय साधारण २७० किलोची भरते. शेळीचा घेर ७० आणि लांबी ६५ असेल तर सुमारे २९ किलो. अंदाज दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होईल, पण दर वेळी त्याच पद्धतीनं मोजलंत तर वाढ बरोबर कळते.

दिसण्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे या जातीला असं काय जमतं जे बाहेरच्या जातीला जमत नाही. पश्चिम आफ्रिकेतली एनदामा गाय अंगानं लहान, दूध बेताचं. पण त्सेत्से माशीमुळे पसरणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या परजीवीच्या लागणीत ती दूध देत राहते, वासरं वाढवत राहते, तिथे बाहेरची मोठी गाय खंगून मरते. सुंदरबनातली गारोळ मेंढी इतकी छोटी की अनोळखी माणूस तिला कोकरूच समजेल. मात्र तिच्यात फेक-बी नावाचा जनुक आहे, त्यामुळे ती जुळी-तिळी देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हाच जनुक दख्खनी मेंढीत आणला. कॅरिबियनमधल्या सेनेपोल गुरांत आखूड, तुळतुळीत केसांचा जनुक आहे, त्यानं अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. आता तो होल्स्टीन या जास्त दुधाच्या विदेशी गाईंत उतरवण्याचं काम चालू आहे. उघड्या मानेच्या कोंबड्यांना पिसंच कमी, म्हणून त्या उकाड्यात कमी धापा टाकतात.

या सगळ्या गुणांची किंमत कळायला कोणीतरी आधी ते जनावर राखून ठेवलेलं होतं. तुमच्या कळपातला असा गुण कोणता ते आजच कळेल असं नाही. संशय असला तरी लिहून ठेवा : 'ही गाय कधी गोचिडांनी भरत नाही', 'ही शेळी पावसाळ्यात ढाळत नाही'. फक्त ऐकीव कौतुक आणि स्वतः पाहिलेली गोष्ट यांचे रकाने वेगळे ठेवा. देशी जातीबद्दल जिव्हाळा असलेल्या माणसांकडूनच कधीकधी अवास्तव दावे होतात, आणि ते खोटे ठरले की खऱ्या गुणांवरचाही विश्वास उडतो.

दुसरी पायरी : मोजणी, आणि नरांची वेगळी मोजणी

नुसतं 'आमच्याकडे चारशे शेळ्या आहेत' हे पुरेसं नाही. वयात आलेल्या माद्या किती आणि प्रत्यक्ष वापरात असलेले नर किती, हे दोन आकडे हवेत. वय दातांवरून ओळखा. दुधाचे दात असतील तर आदत. शेळी-मेंढीला साधारण सव्वा ते दीड वर्षात पहिली जोडी येते, ती दोनदाती. पुढे दर वर्षी साधारण एक जोडी, आणि चार वर्षांच्या आसपास जनावर जुळतं, म्हणजे सगळे पक्के दात येतात. गाईगुरांत पहिली जोडी दोन वर्षांनंतर येते आणि देशी जातींत ती आणखी लांबते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं, म्हणजे एफएओनं, धोक्याच्या पायऱ्या ठरवताना हेच दोन आकडे धरले. पैदाशीच्या माद्या १०० किंवा त्याहून कमी, अथवा नर ५ किंवा त्याहून कमी उरले तर जात अत्यंत बिकट अवस्थेत. माद्या १,००० पर्यंत किंवा नर २० पर्यंत असतील तर ती धोक्यात. 'किंवा' या शब्दाकडे नीट बघा. माद्या हजारो असल्या तरी वापरातले नर पाचच असतील, तर जात बिकट अवस्थेतच मोजली जाते.

असं का, ते एका साध्या हिशोबातून कळतं. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारनं गुणा आणि दोघांच्या बेरजेनं भागा. येणारा आकडा म्हणजे परिणामी संख्या. कळपात डोकी कितीही असोत, रक्ताच्या विविधतेच्या दृष्टीनं तो कळप इतक्याच जनावरांच्या तोडीचा. १०० माद्या आणि ५ नर असतील तर हा आकडा १९ येतो. नर १० केले तर ३६, आणि १५ केले तर ५२. आता उलटं करून पाहा : नर पाचच ठेवून माद्या दुप्पट केल्या, तरी आकडा १९ वरून जेमतेम साडेएकोणीसवर जातो. म्हणजे शंभर शेळ्या वाढवून जे साधत नाही ते पाच बोकड वाढवून साधतं.

हा आकडा ५० च्या वर ठेवायचा. तसं झालं तर जवळच्या नात्यातली पैदास पिढीमागे एक टक्क्यापेक्षा कमी वाढते, आणि तितकी जात पेलू शकते. एका नरावर ५० माद्यांचा कळप वर्षानुवर्षं चालवला तर परिणामी संख्या चारच्याही खाली येते आणि हीच वाढ पिढीमागे जवळजवळ तेरा टक्के होते. मग माजावर न येणाऱ्या माद्या, अशक्त पिल्लं, कमी वजन हे सगळं मागोमाग येतं. आपण मात्र दोष चाऱ्याला देत बसतो.

तिसरी पायरी : एकट्यानं नाही, गटानं

पंधरा बोकड एका घरी कोणाला परवडणार? कोणालाच नाही, आणि त्याची गरजही नाही. पंधरा घरांनी एकेक ठेवला तरी भागतं, फक्त ते पंधरा एकाच बापाचे नकोत.

सगळ्यात सोपी घडी म्हणजे नरांची साखळी. चार वस्त्या किंवा चार कळप-गट घ्या : अ, ब, क, ड. माद्या आपापल्या गटातच राहतात. 'अ'मध्ये जन्मलेला निवडक नर 'ब'मध्ये जातो, 'ब'मधला 'क'मध्ये, 'क'मधला 'ड'मध्ये आणि 'ड'मधला परत 'अ'मध्ये. दिशा कधीच बदलायची नाही. एवढा एकच नियम पाळला तर बाप-लेक, भाऊ-बहीण असे संबंध आपोआप टळतात, भले वंशावळ कोणालाही पाठ नसो. शेळ्या-मेंढ्यांत नर दीड ते दोन वर्षांत पुढे सरकवा, कारण तेवढ्यात त्याच्या लेकी वयात येतात. गाईगुरांत तीन-चार वर्षं चालतात. नर हलवण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्या. गाईगुरांत आणि शेळ्या-मेंढ्यांत सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिसची रक्तचाचणी तर हवीच. नाही तर रक्ताच्या विविधतेबरोबर रोगही साखळीत फिरेल.

इथिओपियात २००९ पासून मेंझ, बोंगा, होरो, अफार या मेंढ्यांच्या जातींसाठी गावगटांनी चालवलेले पैदास कार्यक्रम उभे राहिले. तिथे एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि ती जवळपास सगळीकडे खरी आहे. सगळ्यात जलद वाढणारं कोकरू सगळ्यात आधी बाजारात जातं, कारण त्यालाच पैसे चांगले मिळतात. मागे राहतं ते खुरटलेलं, आणि तेच पुढचा बाप होतं. कोणाच्या मनात नसताना वर्षानुवर्षं उलटी निवड चालू राहते. यावर उपाय एकच : बाजारापूर्वी निवड. गटाचा एक छोटा सामाईक निधी असावा. त्यातून चांगला नर मालकाकडून बाजाराच्या दरानं, जमल्यास थोडा वर देऊन, विकत घ्यायचा. त्याचं काम संपलं की विकून पैसे परत निधीत. मालकाला 'जातीसाठी त्याग कर' असं सांगून हे टिकत नाही. त्याचं नुकसान होता कामा नये.

न निवडलेले नर वेळेत खच्ची करा किंवा वेगळे राखा. शेळ्या-मेंढ्यांत नर करडं चार महिन्यांची झाली की माद्यांपासून अलग करावीत, कारण त्या वयापासून ती कळप गाभण करू शकतात. खच्चीकरण प्रशिक्षित माणसाकडून आणि वेदना कमी करणारं औषध देऊनच. दगडानं ठेचण्याची जुनी रीत क्रूर आहे. ती सोडलीच पाहिजे.

चौथी पायरी : नोंदी, पण झेपतील इतक्याच

वीस रकान्यांची वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते. सुरुवातीला एवढंच पुरे :

- कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, जन्मतारीख, आई, बाप (निदान बाप कोणत्या गटातला एवढं तरी)
- जन्माचं, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन
- प्रत्येक वेताची तारीख आणि किती पिल्लं जगली
- जनावर गेलं तर कधी आणि कशानं

क्रमांकात जन्मवर्ष गुंफा, म्हणजे वही नसतानाही वय कळेल. दुधाळ जनावरांचं दूध रोज मोजायची गरज नाही. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचं मोजा आणि ते त्या महिन्याच्या दिवसांनी गुणा. संपूर्ण वेताचा बऱ्यापैकी खरा अंदाज मिळतो. वासराला सोडलेला सड हिशोबात धरलाय की नाही, ते मात्र लिहा. लिहिता न येणाऱ्या गुराख्याला कळपाची वंशावळ तोंडपाठ असते. त्याच्या आठवणीला वहीत आणण्यासाठी घरातलं शाळेत जाणारं मूल पुरतं.

पाचवी पायरी : नराची निवड

निवडीत पहिलं पाहायचं ते आईला. चौथं-पाचवं वेत पार करून धडधाकट असलेली, दर वेळी वेळेवर गाभण राहणारी, पिल्लं जगवणारी आई. उष्ण प्रदेशात एका वेतातलं विक्रमी दूध ही फसवी खूण असते. आयुष्यभरात किती पिल्लं मोठी झाली आणि किती वेतं झाली, हा खरा हिशोब.

मग नराचं स्वतःचं अंग. पाय सरळ, खुरं घट्ट, जबडा जुळता, दोन्ही अंडकोष उतरलेले आणि सारखे. एकच उतरलेला असेल तर तो नर कितीही देखणा असला तरी बाद. त्यानंतर त्याच काळात, त्याच कुरणावर वाढलेल्या सवंगड्यांशी तुलना. पावसाळ्याच्या तोंडाशी जन्मलेलं आणि भर उन्हाळ्यात जन्मलेलं करडू एका रांगेत उभं करून वजनावरून निवड केली तर ती ऋतूची निवड झाली. आणि शेवटी पशुपालकांची नजर. नोंदींतून पुढे आलेले नर मोकळ्या जागेत उभे करा आणि गटातल्या जाणत्यांना क्रम लावू द्या. वहीत न बसणाऱ्या गोष्टी, म्हणजे स्वभाव, चाल, चरण्याची पद्धत, त्यांना दिसतात.

एक मोह टाळा : सर्वोत्तम नर एकच मानून सगळीकडे तोच वापरणं. कृत्रिम रेतनानं हा मोह फार वाढवला आहे. एका वळूच्या हजारो मात्रा सहज मिळतात आणि परिसरातली प्रत्येक कालवड एकाच बापाची होऊन बसते. वर सांगितलेला हिशोब सगळे नर सारखे वापरले जातील असं गृहीत धरतो. एकच वळू जास्त चालला की दहा वळू असूनही परिणामी संख्या कोसळते. म्हणून मात्रा घेताना वळूचा क्रमांक लिहा आणि त्याच्या लेकींना पुन्हा त्याचीच मात्रा जाणार नाही याची काळजी घ्या.

संकर करावाच का?

मी संकराच्या सरसकट विरोधात नाही. देशी मादी आणि बाहेरचा नर यांची पहिली पिढी अनेकदा दोन्हीकडचे गुण घेऊन येते, आणि तिच्यावर घर चालवणाऱ्याला नावं ठेवणं योग्य नाही. अडचण दुसऱ्या पिढीपासून सुरू होते. पहिल्या पिढीतल्या संकराचे आपसांत संबंध झाले की संकरजोम, म्हणजे संकरामुळे आलेला जादा जोम, निम्म्यावर येतो. पुन्हा पुन्हा बाहेरचाच नर वापरला तर दूध वाढतं, पण ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा सोसण्याची ताकद जाते. आणि पहिली पिढी पुन्हा तयार करायची तर शुद्ध देशी मादी लागतेच. ती संपली की संकराचा धंदाही संपला.

म्हणून कळपाचे दोन भाग करा. चांगल्या माद्यांपैकी निदान दोन-तृतीयांश शुद्ध पैदाशीला राखून ठेवा. उरलेल्यांपासून विक्रीसाठी संकर घ्यायचा असेल तर घ्या, पण त्या संकरित नरांना पैदाशीत येऊ देऊ नका. ब्राझीलकडे पाहा. तिथली मांसासाठीची गुरं मोठ्या प्रमाणात नेलोर आहेत, म्हणजे मुळातली आंध्रची ओंगोल. गीरही तिथे गेली आणि शुद्ध राखली गेली, म्हणून तर तिचा होल्स्टीनशी संकर करून गिरोलांदो उभी राहिली.

ऊन, पाणी, चारा

जनावराला ऊन किती लागतं हे नुसत्या तापमानावरून कळत नाही, हवेतली आर्द्रताही हवी. दोन्ही मिळून एक निर्देशांक काढतात : (१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६). ३५ अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रतेला तो जवळपास ८७ येतो. जास्त दुधाच्या होल्स्टीन गाईचं दूध ७२ च्या पुढे घटायला लागतं. वशिंडाच्या देशी गाई सैल कातडी, दाट घामग्रंथी आणि अंगात मुळातच कमी तयार होणारी उष्णता यांच्या जोरावर बरंच पुढे जातात. पण त्यांनाही मर्यादा आहे. दुपारी तोंड उघडून धापा टाकणारं, लाळ गाळणारं जनावर देशी असलं तरी संकटातच असतं.

गोठ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, छप्पर निदान तीन मीटर उंच, बाजू मोकळ्या. झाडाची सावली मिळत असेल तर ती कोणत्याही पत्र्यापेक्षा चांगली. चराई पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी रवंथ. म्हशीला घाम फार कमी येतो, म्हणून तिला डुंबायला पाणी किंवा अंगावर फवारा लागतोच. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागतं. दिवसातून एकदाच पाणी दाखवलं तर ते चाराही कमी खातं.

चाऱ्याबाबत देशी जातीची खरी ताकद निकृष्ट चाऱ्यावर तगण्यात आहे. त्याचा अर्थ तिला निकृष्टच घालावं असा नाही. वाळलेल्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करा : १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडा, दाबून, प्लास्टिकनं हवाबंद झाका आणि २१ दिवस ठेवा. खायला घालण्यापूर्वी पसरून उग्र वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि घोड्या-गाढवांना हा पेंढा नको. विरघळलेला युरिया जनावराच्या तोंडी लागला तर काही वेळात जीव जातो, तेव्हा बादली मोकळी सोडू नका.

फिरत्या कळपांबद्दल एक गोष्ट मला फार जवळची वाटते. अनेक देशी जाती या भटक्या पशुपालकांच्या वाटांनी घडवल्या. पावसाबरोबर सरकणं, कापणीनंतरच्या रानात बसणं, बदल्यात खत देणं, ही वाट बंद झाली की ती जात गोठ्यात बांधून टिकत नाही. तिचे गुणच चालण्यातले आणि निवडून खाण्यातले असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गायरानं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. गटाकडे एखाद्या सामाईक कुरणाचा, पाणवठ्याचा किंवा वाटेचा हक्क असेल तर तो कागदावर आणणं हे नर सांभाळण्याइतकंच तातडीचं काम आहे.

आजार : औषध कमी, नजर जास्त

देशी जात म्हणजे लस नको, हा गैरसमज जनावरं मारतो. लाळ्या-खुरकूत, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग), घटसर्प, आंत्रविषार यांच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे द्याच. घरगुती कोंबड्यांत सगळ्यात मोठा मारेकरी म्हणजे राणीखेत, ज्याला मानमोडीही म्हणतात. त्यासाठी आय-२ नावाची उष्णता सोसणारी लस आहे. तिचा एक थेंब डोळ्यात, दर तीन-चार महिन्यांनी. शीतसाखळी नीट नसलेल्या खेड्यांसाठीच ती तयार झाली.

जंतांचं मात्र वेगळं आहे. सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला औषध पाजण्याच्या सवयीनं जंत औषधाला दाद देईनासे झाले, आणि कोणतं जनावर मुळातच काटक आहे हे कळायची सोयही गेली. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली 'फामाचा' नावाची पद्धत शेळ्या-मेंढ्यांसाठी उत्तम आहे. खालची पापणी ओढून आतल्या त्वचेचा रंग तक्त्याशी जुळवायचा. लालभडक म्हणजे १, पांढरीफटक म्हणजे ५. चार आणि पाचला औषध द्या. गाभण, दुभती किंवा कोवळी जनावरं असतील तर तीनलाही. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पाहा. ही पद्धत फक्त रक्त पिणाऱ्या जंतांसाठी आहे, हेही लक्षात ठेवा. तिचा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो. कोणाला किती वेळा औषध लागलं ते वहीत लिहा. बहुतेक जंत कळपातल्या थोड्याच जनावरांत साठलेले असतात. ज्यांना वारंवार औषध लागतं त्यांची पिल्लं पैदाशीला ठेवू नका, ज्यांना कधीच लागलं नाही त्यांच्या पोटचा नर आधी पाहा.

दमट प्रदेशात कुरणाचे दहा भाग पाडून प्रत्येक भागात तीन-चार दिवस चराई आणि मग पाच आठवडे विसावा, अशी फेरी लावता आली तर अळ्या बऱ्याच मरतात. कोरड्या भागात याची फारशी गरज नाही.

नवजात पिल्लाला पहिल्या दोन-तीन तासांत चीक मिळालाच पाहिजे, आणि पहिल्या दिवसात एकूण त्याच्या वजनाच्या दहा टक्के. ही एक गोष्ट सांभाळली तरी जगणाऱ्या पिल्लांची संख्या दिसण्याइतकी वाढते, आणि निवड करायची तर आधी पिल्लं जगायला हवीत.

शेवटची पायरी : दुसरीकडे ठेवलेली राखीव

हैतीतली काळी गावठी डुकरं खेड्यांतल्या कुटुंबांची बचत होती. १९७८ च्या सुमारास आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, रोग हटवण्याच्या मोहिमेत, उरलेली सगळी डुकरं मारण्यात आली. बदल्यात अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना पक्का गोठा आणि विकतचं खाद्य लागायचं. गरीब घरांना ते झेपलं नाही. रोगाची साथ आली की सरकारी आदेशात देशी-विदेशी असा भेद नसतो. म्हणून जातीचे सगळे चांगले नर एकाच तालुक्यात, एकाच केंद्रावर ठेवू नका. शे-दोनशे किलोमीटरवर दुसरा गट हवा, दोन्हींत साखळीतून अधूनमधून नर जात राहावेत, आणि साथीच्या बातम्या आल्या की ही ये-जा लगेच थांबावी.

त्याशिवाय गोठवलेलं वीर्य. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ते दशकानुदशकं टिकतं. एकमेकांशी नातं नसलेल्या वीस-पंचवीस नरांच्या मात्रा साठवा, एकाच नावाजलेल्या वळूच्या हजार मात्रा नकोत. नुसत्या वीर्यावरून जात परत उभी करायची तर दुसऱ्या जातीच्या माद्यांवर पाच पिढ्या तेच रक्त चढवावं लागतं. तेव्हा कुठे ३२ पैकी ३१ भाग, म्हणजे सुमारे ९७ टक्के, मूळ रक्त येतं. गाईगुरांत यात वीस-पंचवीस वर्षं जातात. गोठवलेले भ्रूण असतील तर एकाच पिढीत काम होतं, पण ते खर्चिक. जिवंत कळपाला पर्याय म्हणून याकडे कोणी पाहू नये. टाकीतलं वीर्य नव्या रोगाशी आणि बदलत्या ऋतूशी जुळवून घेत नाही. ते चरणाऱ्या कळपालाच जमतं.

वीर्य किंवा रक्ताचे नमुने कोणत्याही संस्थेला देण्यापूर्वी गटानं लेखी करार करावा : नमुना कशासाठी वापरला जाईल, तो पुढे कोणाला देता येईल का, जात संकटात आली तर गटाला मात्रा परत मिळतील का, आणि त्यातून व्यापारी फायदा झाला तर वाटा कसा. २०१० च्या नागोया करारानं या वाटणीचं तत्त्व जगभर मान्य केलं आहे, आणि २००७ मध्ये इंटरलाकेन इथे देशांनी स्वीकारलेल्या पशु-जनुकीय साधनांच्या कृती आराखड्यात जातींचं वर्णन, शाश्वत वापर आणि जतन हे सरकारचंही काम मानलं आहे. आपल्या जातीची माहिती राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदणी संस्थेकडे द्या, तिथून ती एफएओच्या डॅड-आयएस या जागतिक माहितीकोशात जाते. जी जात तिथे नोंदलेली नाही, तिच्यासाठी निधी मागायला गेल्यावर 'अशी जात आहेच कुठे' असा प्रश्न येतो. भारतासाठी हे काम कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते. अर्जासोबत वर्णन, फोटो, संख्या आणि पशुपालकांच्या नोंदी लागतात. पहिल्या आणि चौथ्या पायरीत भरलेली वही इथे जशीच्या तशी उपयोगी पडेल. तिची एक छायाप्रत गावाबाहेर, दुसऱ्या गटाकडे ठेवा.